काचेवरची अक्षरे

भिगवण हे माझे आजोळ. लहानपणी मे महिन्याची सुट्टी लागली, की आई आम्हां तिघा भावंडांना सोलापूरकडे जाणाऱ्या पॅसेंजरमध्ये कोंबी, आणि दौंड मागे पडले की खिडकीशी कोण बसणार यावरून आमची हातघाई सुरू होई. खरे म्हणजे खिडकीतून पाहण्यासारखे काहीच नसे. काळा माळ, बाभळी, मेंढरांचा एखादा कळप आणि दूर कुठेतरी भीमेच्या पात्रातली वाळू. ‘भिगवणला पक्षी पाहायला जाऊ या’ असे त्या काळी कोणी म्हटले असते, तर मामीने त्याच्या कपाळाला हात लावून ताप आहे का ते पाहिले असते.

आता मात्र पुण्या-मुंबईची मंडळी थंडीत भिगवणला जातात ती पक्ष्यांसाठीच. ही किमया उजनीची. भीमेवरचे हे धरण १९८० साली पुरे झाले. ११७ टीएमसी पाण्याचा हा जलाशय मागे मागे पसरत भिगवणच्या शिवेला येऊन भिडला. शेते गेली, गावठाणे गेली. आगगाडीची जुनी वाट पाण्याखाली गेली, रूळ दुसरीकडून न्यावे लागले, आणि डिकसळजवळचा रेल्वेचा जुना पूल मोटारींच्या वाट्याला आला. पळसदेवचे पळसनाथाचे जुने देऊळ एरवी पाण्यातच असते. एखाद्या कडक उन्हाळ्यात पाणी फार खाली गेले, की ते पुन्हा उघडे पडते आणि लोक दर्शनाला लोटतात. गाव बुडाले म्हणून हळहळावे की हजारो एकर ऊस उभा राहिला म्हणून आनंद मानावा, हे त्या भागातल्या माणसाला विचारू नये. तो दोन्ही करतो.

गेल्या फेब्रुवारीत मामेभावाचा, म्हणजे आमच्या बापूचा फोन आला. “जुनं घर उतरवायला काढलंय. शेवटचं पाहून जा. आणि नातीला घेऊन ये, रोहित उतरलेत.” रोहित म्हणजे ते लांब पायांचे, गुलाबी पंखांचे पक्षी, अग्निपंख असेही त्यांना म्हणतात. सौभाग्यवती, दहा वर्षांची नात आणि मी असे तिघे निघालो. नातीला दोन दिवस खोकला होता, म्हणून सौ.ने पिशवीत खोकल्याच्या औषधाची बाटली टाकली होती. दौंडला गाडी थांबली तशी तिने ती काढली. मी ती हातात घेतली, चष्मा चढवला आणि वरचे बारीक अक्षर मोठ्याने वाचू लागलो.

“झालं सुरू!” सौ. म्हणाली. “अगदी सासूबाई!”

हे खरे होते. बाटलीवरचे वाचल्याशिवाय औषध द्यायचे नाही, हा माझ्या आईचा नेम. तिला इंग्रजी येत नव्हते. लग्नानंतर पुष्कळ वर्षांनी, आमच्याच अंकलिपीतून, तिने एबीसीडी गिरवून घेतली ती केवळ औषधांच्या बाटल्यांसाठी. एक एक अक्षर जुळवत ती ते नाव वाची, आणि जुळले नाही तर पुण्याच्या भर बाजारात औषधाच्या दुकानदाराला म्हणे, “यात काय काय घातलंय ते मला वाचून दाखवा.” मागे गिऱ्हाइके खोळंबलेली असत. मी तेव्हा कॉलेजात जाऊ लागलो होतो. मला इतकी शरम वाटे, की मी आपला पायरी उतरून रस्त्यावर उभा राही, जणू या बाईंचा आणि माझा काही संबंधच नाही. आईला जाऊन आता वीस वर्षे झाली. तिच्या पुष्कळ गोष्टी मी विसरलो. ही खोड मात्र माझ्या हाताला कशी चिकटली कोण जाणे.

दुसऱ्या दिवशी पहाटे कुंभारगावाहून होडीने निघालो. धुके विरळ होत होते. होडीवाल्याने लगी टेकून होडी थांबवली आणि नुसते बोट केले. उथळ पाण्यात शेकडो रोहित माना खाली घालून उभे होते. चोच उलटी धरून, चिखलपाणी गाळून ते खात होते. त्यांच्या पलीकडे चित्रबलाकांची रांग होती, आणि हिमालय ओलांडून आलेले पट्टकादंब कलकलाट करीत होते.

“काही पांढरे, काही गुलाबी असं का?” नातीने विचारले.

“पांढरे आहेत ती पोरं,” होडीवाला म्हणाला. “पाण्यातलं शेवाळं, बारीक किडं खाऊन खाऊन मग गुलाबी व्हतात. जे पोटात जाईल ते अंगावर येतंय बघा.”

त्याचे हे वाक्य पुढे दिवसभर माझ्या डोक्यात राहणार होते, हे तेव्हा मला माहीत नव्हते.

बापूचे घर म्हणजे त्या भागातले जुने माळवद. जाड मातीच्या भिंती, सागवानी खांब, वर मातीचे सपाट छप्पर. पुढच्या दोन खणांत आजोबांचे किराणा दुकान होते. गुळाच्या ढेपा, गोडेतेलाचे डबे, हळद-मिरचीचा ठसका आणि आजोबांच्या तराजूचा खणखणाट, इतकेच मला त्या दुकानाचे आठवते. गडी पोटमाळा रिकामा करीत होते. जेवणे झाली, भाकरी आणि चिलापीच्या कालवणाने सुस्ती आली होती, तेवढ्यात वरून एक देवदारी खोके खाली आले. झाकण खिळे मारून पक्के केलेले. पहारीच्या टोकाने ते उचकटले. आत वाळक्या कडब्यात नीट गुंडाळलेल्या बाटल्या!

नातीला गुप्तधन सापडल्यासारखे झाले. अंगणात गोणपाट अंथरून तिने एक एक बाटली धुऊन मांडली. मोजल्या तर सव्वीस. कुणी चपट्या, कुणी आठ बाजूंच्या, कुणी हिरवट पाण्याच्या रंगाच्या. एक गर्द निळी, अंगावर उभ्या रेघा उठवलेली. विलायतेत विषाच्या बाटल्या अशा करीत. घरात दिवा नसला, अंधारात चुकून हात गेला, तरी बोटांना खडबडीत लागून कळावे की ही प्यायची नव्हे. बहुधा अंगाला चोळायचे काही त्यात आले असावे.

जुन्या बाटल्यांचे वय ओळखण्याची एक सोपी खूण आहे. ती मी नातीला दाखवली. साच्यात काच फुगवली की दोन भागांच्या सांध्याची बारीक रेघ अंगावर उठते. माणसाने तोंडाने फुंकून केलेल्या बाटलीत ही रेघ मानेपाशी संपते, कारण ओठ मागाहून हाताने घडवलेला असतो. यंत्राने केलेल्या बाटलीत ती थेट ओठावर चढते. अशी यंत्रे अमेरिकेत १९०३-०४ च्या सुमारास आली आणि मग जगभर पसरली. आमच्या खोक्यात दोन्ही जातींच्या बाटल्या होत्या. काही आपल्या इकडच्याही असतील. लोकांकडून पैसा पैसा जमवून उभा केलेला तळेगावचा पैसा फंड काच कारखाना १९०८ साली सुरू झाला होता, आणि ओगल्यांचा कारखाना त्यानंतर काही वर्षांनी.

“आजोबा, हे वाचा,” नात म्हणाली. अर्ध्या उरलेल्या कागदावर आणि काचेवर तिने एक एक अक्षर चाचपले होते. “क्लो-रो-डाइन.”

हे नाव ऐकले नाही असा म्हातारा माणूस आपल्याकडे सापडणे कठीण. जॉन कॉलिस ब्राउन नावाच्या, हिंदुस्थानातल्या गोऱ्या फौजेत नोकरी केलेल्या डॉक्टरने १८४८ च्या सुमारास हे मिश्रण केले. पटकीवर म्हणजे कॉलऱ्यावर उतारा म्हणून ते नावाजले. पुढे खोकला, दमा, हगवण, दातदुखी, संधिवात अशा सगळ्यांवर ते गुणकारी असल्याच्या जाहिराती झळकल्या. नकला इतक्या झाल्या, की १८६४ साली लंडनच्या न्यायालयात खरा जनक कोण याचा खटला चालला. निकाल ब्राउनच्या बाजूने लागला, आणि तो निकालच पुढे कित्येक वर्षे जाहिरातीत छापला जात होता! आत काय होते? अफूचा अर्क, गांजाचा अर्क आणि क्लोरोफॉर्म. वेदना थांबत, खोकला दबे, जुलाब बांधले जात. अफूचा तो गुणच आहे. पण पटकीत माणूस मरतो तो अंगातले पाणी आणि क्षार निघून गेल्यामुळे. त्यावर या बाटलीपाशी काही नव्हते. उलट मात्रा जास्त झाली म्हणून दगावलेली आणि बाटलीवाचून राहवत नाही अशी व्यसनी झालेली माणसे विलायतेतही पुष्कळ झाली.

आमचा हा मुलूख पंढरीच्या वाटेवरचा. तुकोबांची पालखी बारामतीवरून, सणसरवरून इंदापूरला जाते. वारीत पटकी शिरली, की वाटेवरच्या गावांत घरटी माणूस जाई, अशा गोष्टी आम्ही आजीच्या तोंडून ऐकल्या आहेत. अशा वेळी कुणी ‘ही विलायती बाटली घे, हमखास गुण’ म्हटले, तर कोणता बाप नाही म्हणेल?

या औषधांना ‘पेटंट औषधे’ म्हणत, आणि मौज अशी, की बहुतेकांचे पेटंट कधी घेतलेलेच नव्हते. पेटंट घ्यायचे तर आत काय आहे ते सरकारला सांगावे लागते, आणि सांगायचे तर नेमके तेवढेच नव्हते. नाव नोंदवत, बाटलीचा घाट नोंदवत, चिठ्ठीवरची सही नोंदवत. काचेच्या अंगावर मालकाचे नाव, गाव, पेठ सगळे ठसठशीत उठवलेले असे; शंभर वर्षे मातीत पुरली तरी पुसली जाणार नाहीत अशी ती अक्षरे. फक्त आतल्या वस्तूचे नाव कुठेच नसे.

सगळ्यांत भयंकर होती ती लहान मुलांची औषधे. अमेरिकेत १८४९ पासून विन्स्लोबाईंचे ‘सूदिंग सिरप’ विकले जाई. दात येताना रडणारे मूल यामुळे शांत होते, असे चित्रासकट सांगितलेले असे. त्याच्या दर औंसाला, म्हणजे सुमारे ३० मिलिलिटरला, ६५ मिलिग्रॅम मॉर्फिन होते. मूल शांत होईल नाही तर काय! किती मुले पुन्हा जागीच झाली नाहीत याचा हिशेब कोणी ठेवला नाही. १९०६ साली तिकडे कायदा झाला आणि अफू-मॉर्फिन घातले असेल तर चिठ्ठीवर लिहिणे भाग पडले. १९११ साली तिथल्या डॉक्टरांच्या संघटनेने अशा औषधांना छापील पुस्तकात उघड उघड ‘बालघातकी’ म्हटले. विलायतेत दात येतानाच्या पुड्यांत पारा असे. त्यामुळे मुलांचे हातपाय गुलाबी होऊन सोलवटत. ते दुखणे पाऱ्याचे आहे हे कळायला आणि पुड्यांतून पारा जायला १९५४ साल उजाडले.

आपण विलायतेला हसायला नको. आपल्याकडे बाळगोळी होती. १९२२ साली डॉ. बार्न्स या बाईंनी मुंबईच्या गिरण्यांत काम करणाऱ्या बायकांची पाहणी केली. त्यांच्या तान्ह्या मुलांपैकी ९८ टक्के मुलांना अफू दिली जात होती. त्या आया निर्दय होत्या का? दिवसभर साच्यावर उभे राहायचे, मूल चाळीतल्या खोलीत एकटे किंवा शेजारणीच्या भरवशावर. ते निजले तर चूल पेटणार. मोहरीएवढी गोळी दिली की ते निजे. तान्ह्या जिवाचा श्वास अफूने मंदावतो. जे त्यातून वाचते त्याला भूक लागत नाही, ते अंगावर पीत नाही आणि हळूहळू वाळत जाते. आईला वाटे, नजर लागली.

हे सगळे मी नातीला तिच्या वयाला झेपेल एवढे सांगत होतो. ओसरीवर खुर्चीत मामी बसली होती. वय अठ्ठ्याऐंशी, कान तिखट, नजर मात्र अधू. ती म्हणाली, “फडक्यात बांधलेली एक असेल बघ.”

होती. खोक्याच्या तळाशी, जुन्या लुगड्याच्या तुकड्यात गाठ मारून ठेवलेली. बोटभर उंचीची, साधी, गोल. काचेवर एक अक्षर नाही. कागद कधी असला तर तो गळून गेलेला. बूचही नव्हते. मी ती मामीच्या हातात दिली. तिने अंगठ्याने तिच्यावरून हात फिरवला.

“माझा थोरला दात येताना फार रडे,” मामी म्हणाली. “मी नवी सून. एका रात्री सासूबाई उठल्या, ही बाटली घेऊन आल्या नि म्हणाल्या, ‘हिच्यावर काय लिहिलंय वाच.’ मी म्हटलं, काहीच नाही. त्या म्हणाल्या, ‘काहीच नाही ना? मग असलं काही घरात आणायचं नाही. पोर रडलं तर रडू दे. मांडीवर घेऊन बस.’ बास. एवढंच बोलल्या. बाकीचं मला पुढं वन्संनी सांगितलं.”

वन्सं म्हणजे माझी आई.

“तुला वन्सं काही बोलल्या नाहीत?”

मी मान हलवली. मामीला दिसले नसेल. पण तिला कळले.

मग तिने सांगितले ते असे. १९३८ चा पावसाळा. आई तेव्हा आठ वर्षांची. तिच्या पाठचा एक भाऊ होता, आठ महिन्यांचा. असा मला कोणी मामा होता हेच मला ठाऊक नव्हते. आजी हिवतापाने अंथरुणाला खिळलेली, मूल दातांनी हैराण. दुकानात एका फडताळात औषधे असत. त्या फडताळाचा खप चांगला होता. एक फिरता विक्रेता दर दोन-तीन महिन्यांनी येऊन माल भरून जाई. आजोबांनी त्यातली एक बाटली काढून आईच्या हातात दिली आणि ते गिऱ्हाइकात गुंतले. विक्रेत्याने ‘थोडं थोडं’ द्यायला सांगितले होते. आठ वर्षांच्या मुलीचे थोडे म्हणजे किती? दुपारी तिने चमचा भरला. मूल निजले. घर गप्प झाले. कितीतरी दिवसांनी आजीचा डोळा लागला, म्हणून सगळ्यांनी पोरीचे कौतुकच केले. दिवेलागणीला मूल उठेना. रात्री ते गेले.

“वन्संना कोणी एक शब्द बोललं नाही,” मामी म्हणाली. “देवानं नेलं म्हणाले. पण मामंजी तिसऱ्या दिवशी फडताळापुढं उभे राहिले. सासूबाईंना म्हणाले, ‘आपल्या घरचं एक गेलं ते आपल्याला कळलं. मी ज्यांना ज्यांना ही बाटली विकली, त्यांच्या घरी काय झालं ते मला कोण सांगणार?’”

आजोबांनी दुकान बंद केले. उधारीची वही काढली. बैलगाडी जुंपली आणि आईला मागे बसवले. ती तिसरी-चौथीत होती, वाचायला चांगली येई. वहीतली नावे ती वाची आणि आजोबा त्या त्या दाराशी गाडी थांबवून म्हणत, “ती औषधाची बाटली आहे का? परत द्या. पैसे घ्या.” डिकसळ, कुंभारगाव, पळसदेव, वाटेतल्या वाड्या, आठ दिवस ते फिरले. कोणी बाटली दिली, कोणी हसले, कोणी म्हणाले, “चांगला गुण आला की हो, राहू द्या.” त्यांच्या दाराशी आजोबा बसून राहत, बाटली मिळेपर्यंत. काही दारांशी बाटली रिकामी होती आणि आतली बाई काही बोलत नव्हती. तिथे ते काय बोलले हे आईने मामीला सांगितले नाही.

त्या बाटल्या आणि फडताळात उरलेल्या, आत काय आहे ते ज्यांच्यावर लिहिलेले नव्हते अशा सगळ्या, त्यांनी परसात खड्डा खणून ओतून टाकल्या. काच महाग म्हणून बाटल्या तेवढ्या खोक्यात भरल्या, आणि त्यांत कोणी कधी तेलही भरू नये म्हणून खिळे ठोकले. फिरता विक्रेता पुन्हा आला तेव्हा त्याला चहा दिला, हिशेब चुकता केला आणि वाटेला लावले. त्यानंतर दुकानात गूळ राहिला, तेल राहिले. औषध आले नाही.

मी ती बाटली पुन्हा हातात घेतली. तिच्यात काय होते? अफू असेल, आणखी काही असेल; कदाचित मूल आपल्याच दुखण्याने गेले असेल. आता ते कोणालाच सांगता येणार नाही. कोणाच्या नावाने बोटे मोडावी तर नावही नाही. नाव होते ते फक्त आमच्या आजोबांचे, दुकानाच्या पाटीवर. त्यांनी ते आपल्या अंगावर घेतले. तसे करायला त्यांना कोणी सांगितले नव्हते. औषधे तपासावीत असे सांगणारा चोप्रा समितीचा अहवाल १९३१ साली आला होता, पण औषधांचा कायदा व्हायला १९४० साल लागले, आणि जादूच्या उपायांच्या जाहिरातींना आळा घालणारा कायदा १९५४ साली आला. भिगवणच्या एका किराणा दुकानात तो दोन वर्षे आधीच अमलात आला होता.

कायदा झाला म्हणून सगळे संपले असे मात्र नाही. १९८६ साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात ग्लिसरीन पाजलेले १४ रोगी दगावले. त्या ग्लिसरीनमध्ये डायएथिलिन ग्लायकॉल हे विष मिसळलेले होते, आणि न्यायमूर्ती लेंटिन यांच्या आयोगाने त्याची चौकशी करून १९८८ साली अहवाल दिला. २०२२ साली आफ्रिकेतल्या गांबिया देशात आणि २०२५ साली मध्य प्रदेशातल्या छिंदवाडा जिल्ह्यात लहान मुले खोकल्याचे औषध घेऊन गेली, तेव्हाही त्याच विषाचे नाव पुढे आले. या बाटल्यांवर सगळे लिहिलेले होते. फक्त लिहिले होते ते आणि आत होते ते एक नव्हते. अक्षर खरे ठरते ते त्याच्या मागे कोणी उभा असेल तर. दार ठोठावून ‘बाटली परत द्या’ म्हणणारा कोणी असेल तर.

आणि उलटही आहे. पटकीवरचा खरा उतारा अखेर सापडला तो कोणत्या गुप्त बाटलीत नव्हे. १९७१ साली बांगलादेशच्या निर्वासितांच्या बनगावच्या छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, साखर आणि सोडा पाण्यात कालवून रोग्यांना पाजले. शिरेतून द्यायचे पाणी संपत आले होते, दुसरा इलाज नव्हता. शंभरात तीसच्या घरात मरत होती, ती चारच्याही खाली आली. कृती त्यांनी दडवून ठेवली नाही. ती पत्रकांवर छापून वाटली. आज औषधाच्या दुकानात त्याचे पाकीट मिळते आणि त्यावर ग्रॅमागणिक सगळे छापलेले असते : साखर १३.५, मीठ २.६, आणि पुढचे दोन क्षार. ज्या औषधाने सर्वांत जास्त माणसे वाचली त्याने काहीही लपवले नाही, ही गोष्ट मला मोठी अर्थपूर्ण वाटते.

संध्याकाळी बापूने विचारले, “या बाटल्यांचं काय करायचं? पुण्याच्या जुन्या बाजारात किंमत येते म्हणतात. शोभेला ठेवतात लोक.” खरे आहे. परदेशात तर जुने उकिरडे उकरून अशा बाटल्या जमवणारी मंडळी आहेत, आणि निळ्या बाटलीवर ऊन पडले की ती दिसतेही फार सुरेख. मी म्हटले, “पंचवीस तुझ्या. विक, नाहीतर ठेव. ही बिनअक्षराची मला दे.”

परतीच्या आधी पुन्हा एकदा पाण्यावर गेलो. ऊन कलले होते. जिथे रोहित उभे होते त्या पाण्याखाली कुठेतरी जुन्या गावठाणांतली ती दारे असतील, ज्यांच्याशी एका पावसाळ्यात एक बैलगाडी थांबली होती, आणि मागे बसलेली आठ वर्षांची मुलगी वहीतले पुढचे नाव वाचीत होती. मला पुण्याचे ते औषधाचे दुकान आठवले. मागे खोळंबलेली गिऱ्हाइके, काउंटरवर वाकून एक एक अक्षर जुळवणारी आई, आणि पायरी उतरून रस्त्यावर तोंड फिरवून उभा राहिलेला मी.

गाडीत नातीला पुन्हा खोकल्याची उबळ आली. सौ.ने बाटली काढली आणि या खेपेला आपणहून माझ्यापुढे धरली. पण नातीने ती मधल्यामध्ये घेतली.

“मी वाचते,” ती म्हणाली, आणि डब्यातल्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात, एक एक अक्षर जुळवत, तिने वरपासून खालपर्यंत सगळे वाचले. समोरचे गृहस्थ वर्तमानपत्र खाली करून पाहू लागले. मला मुळीच शरम वाटली नाही.